रेषेच्या वरची आग

१

मनोऱ्यावरचा म्हातारा पालथा पडलेला सापडला. डोंगराची ती सगळी बाजू वणव्यात जळून काळी झाली होती, पण म्हाताऱ्याला उचललं तेव्हा त्याच्या अंगाखाली माणसाच्या मापाचं वाळलं गवत जसंच्या तसं पिवळं उरलं होतं. उचलणाऱ्यांनी ते पाहिलं, हळहळले आणि विसरून गेले.

तपासनीस बाईच्या कानावर ही गोष्ट आली ती बसस्टँडवरच्या चहावाल्याकडून, आणि ती मात्र विसरली नाही. खात्यात तिला मागून राखबाई म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी तिने मनाला लावून घेतलं नसतं, कारण कित्येक वर्षं जळलेल्या रानांत गुडघे टेकूनच ती पोट भरत होती. आग कुठून उठली ते शोधायचं, कुणामुळे उठली ते सांगायचं आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचं. कुणाच्या रडण्यात ती पाय अडकवून घेत नसे. तिचा मुलगा म्हणायचा, "तुझ्या गळ्यात पडून कुणी रडलं ना आई, तरी तू आधी त्याच्या कॉलरवरचा मळ बघशील." त्यात खोटं काही नव्हतं.

वनसाहेबांचं ऑफिस बैठं, कौलारू, आणि दारासमोर भलंमोठं बदामाचं झाड. झाड पानगळीला आलेलं, फांद्यांवर तांबडी पानं लटकलेली, पण खाली अंगणात औषधालासुद्धा पान नव्हतं.

"अंगण छान ठेवलंय," बाई खुर्ची ओढून घेत म्हणाली. "सरकारी ऑफिसात एवढी स्वच्छता बघायची सवय नाही मला."

साहेब कसनुसं हसले. तरुण होते, कामसू म्हणून नावाजलेले होते आणि डोळे बघून तरी नीट झोपलेले दिसत नव्हते. "पाचोळा साठला की आगीची भीती. म्हटलं, सुरुवात आपल्याच दारातून करावी."

भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी पेन्सिल टेकवली. डोंगराच्या कमरेला पट्टा बांधावा तशी एक आडवी रेघ होती. "ही जाळरेषा. उन्हाळा तोंडावर आला की या पट्ट्यातलं गवत आम्हीच जाळून टाकतो. मग खालच्या कुरणातून वणवा चढत आला तरी इथे त्याला खायला काही मिळत नाही. वरचं जंगल वाचतं. यंदाही जाळली. मी स्वतः उभा होतो."

"आणि तरी वरचं जंगल जळलं."

"कारण आग खालून आलीच नाही, मॅडम. कुरण अजून पिवळंच आहे, जाऊन बघा. आग लागली ती रेषेच्या वर. आणि त्या दुपारी वर दोनच माणसं होती. एक मनोऱ्यावरचा पहारेकरी, तो गेला. दुसरा त्याचाच जावई, मध काढायला चढलेला. तो कोठडीत आहे."

"भांडण होतं?"

"त्याच सकाळी झालं होतं. शिवाय मधाच्या कड्याखालच्या पायवाटेवर काडेपेटी सापडली."

"जावई काय म्हणतो?"

"तोंडाला कुलूप. उद्या सकाळी त्याला शहरातल्या तुरुंगात हलवतील. तुमची सही झाली की आम्ही सुटलो."

साहेब 'आम्ही' म्हणाले, हे बाईने ऐकून ठेवलं.

ती बाहेर आली तेव्हा पायरीशी एक तरुण बाई उभी होती. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. ऑफिसच्या मागच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायचं काम करत असावी. "मी मनोऱ्यावरच्यांची लेक," ती म्हणाली. "आणि जो कोठडीत आहे ना, त्यांची बायको."

बाई थांबली.

"माझ्या बापाला माझ्या नवऱ्याने जाळलं का, एवढंच मला सांगा. दुसरं काही नको. उद्या त्यांना नेतील. त्याआधी मला कळायला हवं, जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं की आयुष्यभर तोंड बघायचं नाही. रोज डबा भरते आणि इथेच झाकण लावून बसते. नेववत नाही, आणि टाकून द्यायलाही जीव होत नाही."

असल्या वेळी काय बोलायचं असतं ते बाईला कधीच जमलं नव्हतं. तिने विचारलं, "वडिलांच्या पायात काय होतं?"

लेक दचकली. "बूट. रबरी तळव्यांचे. माझ्यापाशी आहेत, पण बघवत नाहीत. तळवे पार वितळलेत."

छातीखालचं गवत पिवळं आणि बुटाचे तळवे वितळलेले. बाईने हात पुढे केला. "आणा बघू ते इकडे," ती म्हणाली.

२

बूट पिशवीत घालून बाई एकटीच डोंगर चढली.

जळलेलं रान लांबून एकसारखं काळं दिसतं, पण जवळ गेलं की तसं नसतं. जाड सालीची जुनी झाडं वरवर होरपळून उभी होती. त्यांना पुन्हा पालवी फुटेल हे बाईला माहीत होतं. मेली होती ती त्यांच्या पायाशी उगवलेली पोरं, गुडघ्याएवढी रोपं, जी अजून दहा पावसाळ्यांनी जंगल होणार होती. मुंग्यांची वारुळं भाजलेल्या मडक्यासारखी टणक झाली होती. मातीवर राखेचा असा थर बसला होता की त्यावर ओतलेलं पाणी मुरेना, घरंगळून जाई. पहिल्याच जोरदार पावसात ही माती ओढ्यात उतरणार आणि ओढा गावाच्या विहिरीत. लोक म्हणतात गवत जळलं, पुन्हा येईल. गवत येतं. बाकीच्यांचं काय ते कुणी विचारत नाही.

बाई झाडांच्या बुंध्यांकडे बघत चालली. वाऱ्याबरोबर धावणारी आग बुंध्याला डोक्याच्या वरपर्यंत चाटत जाते. वाऱ्याच्या उलट जाणारी आग रांगते. तिचा काळा डाग घोट्याच्या वर चढत नाही. इथे दोन्ही होतं. मोठी आग पश्चिमेकडून वाऱ्यावर स्वार होऊन आली होती. आणि मधाच्या कड्याखालच्या पायवाटेपासून निघून एक छोटी आग तिच्या अंगावर, वाऱ्याच्या तोंडात, रांगत गेली होती. दोघी भेटल्या तिथे दोघी विझल्या होत्या.

म्हणजे आगी दोन होत्या. साहेबांनी एकच सांगितली होती.

पायवाटेच्या कडेला ती गुडघ्यांवर बसली. छोटी आग एका जागी लागलेली नव्हती. पावलापावलावर, ओळीने, वाटेच्या एकाच अंगाला लावत नेलेली होती. घाबरलेल्या माणसाचं ते काम नव्हतं. वाटेच्या दुसऱ्या अंगाला, कड्याच्या बाजूला, गवत झोडपून आडवं केलेलं होतं आणि तिथेच एक हिरवी फांदी पडली होती, शेंडा करपलेली.

कड्याकडे आग पोचलीच नव्हती. एवढ्या मुक्या झालेल्या रानात तेवढा एकच आवाज होता, मधमाश्यांचा. बाईने दुर्बीण लावली. पोळी सलग होती, कुठे सुरी लागलेली नव्हती. कड्यावरून दोर लोंबत होता, तसाच सोडून दिलेला. खाली दगडावर मधवाल्याचा डबा, डब्यात त्याची काडेपेटी; म्हणजे वाटेवर सापडली ती दुसऱ्या कुणाची. शेजारी माश्या हुसकायची धुराची पेंडी, मधे सुकं गवत आणि भोवती ओला पाला बांधलेली. तिचं टोकसुद्धा काळं झालेलं नव्हतं.

मधवाल्याने आपली पेंडी पेटवलीच नव्हती. मोठी आग त्याची नव्हती आणि छोटीही नव्हती. मग वर उरला कोण? उरला म्हातारा.

बाईने पिशवीतून बूट काढून उलटे धरले. वितळलेल्या रबरात कोळशाचे खडे खोलवर रुतून बसले होते. अंगावरून गेलेल्या आगीने रबर वितळतं हे खरं, पण त्यात कोळसा रुतायला वरून माणसाचा भार लागतो. म्हातारा जळून गेलेल्या, निखाऱ्यांनी भरलेल्या जमिनीवर चालला होता. आणि मेला होता तो न जळलेल्या गवतात.

आगीच्या कामातली शेंबडी पोरंसुद्धा एक गोष्ट जाणतात: एकदा जळून गेलेली जमीन दुसऱ्यांदा जळत नाही. तिथे पाय पोळतात, पण माणूस जगतो. म्हातारा तिथे उभा होता आणि आपल्या पायांनी बाहेर पडला होता.

का, हे बाईला समजेना. ते तिने बाजूला ठेवलं आणि मोठ्या आगीचा माग धरून उलटी पश्चिमेकडे चालू लागली. माग तिला जाळरेषेशी घेऊन आला, रेषेच्या अगदी वरच्या काठावर, आणि तिथे संपला. तिथे ना पायवाट होती, ना चूल, ना विजेची तार. माणसाने तिथे यावं असं काहीच नव्हतं, आणि आग मात्र तिथूनच उठली होती.

३

रेषेच्या खाली कुरणात शेळ्या चरत होत्या. शेळ्यांची मालकीण एका दगडावर बसली होती, आणि तो दगड तिला टोचत असावा, कारण ती सारखी कूस बदलत होती.

"या," ती म्हणाली. "तुम्हीपण विचारा, म्हातारे, आग तूच लावलीस का. साहेबांचा शिपाई विचारून गेला."

"लावलीत का?"

"रेषेखाली लावली असती तर कबूल केलं असतं. कोवळं गवत येतं ना जाळल्यावर. तरणी होते तेव्हा दोनदा लावलंय, आता खोटं कशाला बोलू? मनोऱ्यावरच्याने मला इथवर येऊन झापलं होतं. म्हणाला, तुझ्या शेळ्यांना महिनाभर कोवळं मिळेल आणि पुढे चार वर्षं धोंडे चघळतील. तसंच झालं मेलं. तेव्हापासून काडीला हात लावला नाही." तिने नाक पुसलं. "आणि वरच्या जंगलात माझ्या शेळ्यांना मज्जाव. तिथे आग लावून मला काय मिळणार, धूर?"

"त्या सकाळचं भांडण ऐकलंत?"

"अख्ख्या डोंगराने ऐकलं. सासरा म्हणत होता, आज वारा पडलेला नाही, धूर घेऊन वर जायचं नाही. जावई म्हणाला, मला शिकवू नका. मग सासरा म्हणाला, गेलास तर दोरासकट जाळून टाकीन."

"असं म्हणाला?"

"अहो, बोलायची पद्धत होती त्याची. मला तर तो रोजच दरीत लोटून द्यायचा." म्हातारी हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "लेकीवर फार जीव. जावयाशी कधी धड बोलला नाही, पण तो कड्यावर चढला की हा मनोऱ्यावरून दुर्बीण काढत नसे."

बाई उठू लागली.

"एक विचारू?" म्हातारी म्हणाली. "तुम्ही सरकारी दिसता. माझी बैठक कुणी नेली?"

"कसली बैठक?"

"अहो, वरचं एक जुनं झाड वादळात उन्मळलं आणि आडवं पडलं, बरोबर रेषेवर. आतून पोकळ, पण बसायला झकास. दुपारची भाकरी मी तिथेच बसून खायची. वणव्यानंतर गेले तर खोड गायब. दगडावर बसून बसून माझी हाडं मोडली."

बाई पुन्हा खाली बसली. साहेबांच्या नकाशावर, साहेबांच्या बोलण्यात कुठेही ते खोड नव्हतं. "रेषा जाळली तेव्हा होतं ते तिथे?" तिने विचारलं.

"होतं तर. त्याच्याभोवतीच जाळलं की."

४

म्हातारीने लांबून हात करून जागा दाखवली. बाई आपण मघाशी उभे होतो तिथेच परत येऊन पोचली, फक्त या वेळी तिने रेषेच्या वर न बघता रेषेवरच बघितलं.

जाळरेषेवर राख होती, वाऱ्याने बरीचशी नेलेली. एका ठिकाणी मात्र पाचोळा होता, ऐसपैस पसरलेला. वणवा गेल्यावर झाडांची होरपळलेली पानं गळतात, तेव्हा पाचोळा असण्यात नवल नव्हतं. पण होरपळलेलं पान आक्रसलेलं असतं, कडा जळालेल्या असतात. ही पानं धडधाकट होती, हाताच्या पंज्याहून मोठी, तांबडी. आसपास सगळी बारीक पानांची झाडं. तळहाताएवढं पान गाळेल असं एकही झाड नजरेच्या टप्प्यात नव्हतं.

बाईने एक पान उचललं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग बाकीची बाजूला सारली. खाली माती नुसती काळी नव्हती. विटेसारखी लाल भाजलेली होती आणि तिच्यावर पिठासारखी पांढरी राख. धावती आग जमीन काळी करून पुढे जाते, तिला भाजत बसायला वेळ नसतो. माती लाल व्हायला आग एका जागी मुक्काम करून राहावी लागते.

पांढरी राख एका बाजूला ओढल्यासारखी गेली होती, वरच्या काठाकडे. बाई तिच्यामागे गुडघ्यांवर सरकली आणि तिथे तिला बीळ सापडलं. ससा राहील एवढं तोंड, आतल्या भिंती भाजलेल्या. तिने हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला तरी तळ लागेना. बीळ रेषेच्या खालून, स्वच्छ केलेल्या पट्ट्याच्या बरोबर पोटातून, वरच्या जंगलाकडे जात होतं.

ते बीळ कुठल्या जनावराचं नव्हतं. एका झाडाच्या मुळाची ती रिकामी जागा होती. मूळ जळून गेलं होतं.

बाईने हात बाहेर काढला आणि बाहीवरची राख झटकली. वर दोनच माणसं होती, हे साहेबांचं म्हणणं खरं होतं. आग लावायला तिसरं माणूस वर आलंच नव्हतं. आग जमिनीखालून चालत आली होती.

५

"हे पान ओळखता?" बाईने साहेबांच्या टेबलावर पान ठेवलं.

साहेबांनी पानाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर बदामाकडे.

"तुमचं अंगण एवढं स्वच्छ का, हे मला आल्याआल्याच विचारायला हवं होतं. पोती भरून पाचोळा वर नेलात. डोंगरावरचा सगळा जळून गेलेला, झाकायला दुसरं मिळणार कुठून? खोड जीपला बांधून ओढलंत, असं धरून चालते. दरीत असेल."

"मॅडम, तुम्हाला वाटतंय तसं नाही."

"मला काही वाटत नाही, साहेब. मी क्रमाने सांगते, चुकलं तर थांबवा. वादळात झाड पडलं. खोड रेषेवर आडवं, मुळं वरच्या बाजूला अजून जमिनीत. ते कापून हलवायचं, तर वरून परवानगी हवी, कारण पडलेलं झाडसुद्धा सरकारी. परवानगी आली नाही. उन्हं वाढायला लागली. तेव्हा तुम्ही खोड तसंच ठेवून रेषा जाळलीत. आतून पोकळ खोड म्हणजे आडवं ठेवलेलं धुराडंच. विस्तव आत शिरला, मुळात उतरला आणि धुमसत राहिला. वारा सुटला त्या दिवशी रेषेपलीकडे जमिनीतून वर आला."

"मी तपासलं होतं," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः हात लावून बघितलं, पालथा हात. राख गार होती. खोडसुद्धा गार होतं. शपथ घेऊन सांगतो."

"गार असणारच. हात लावून बघायचा नियम गवताच्या राखेसाठी आहे, गवत रात्रीत मरतं. लाकूड पोटात आग धरून बसतं, वरून दवाने गार लागतं. तिथे खणायचं असतं, पाणी ओतायचं असतं, पुढचे कितीतरी दिवस फिरून फिरून बघायचं असतं. नाहीतर रेषा जाळायच्या आधी खोड हलवायचं, परवानगी गेली खड्ड्यात." बाईने पान पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "त्याने तुम्हाला कळवलं होतं ना? म्हाताऱ्याने, वायरलेसवर?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "म्हणाला, खोडाच्या मुळाशी धूर दिसतोय. मी म्हटलं, शक्य नाही, मी हात लावून बघितलंय, तुझ्या जावयाचा धूर असेल. तो म्हणाला, जावई कड्यावर आहे, आग त्याच्याकडे निघालीय, मी उतरतो. त्यानंतर बोलणं झालं नाही."

बाहेर कुणीतरी रोपांना पाणी घालत होतं. झारीचा आवाज येत राहिला.

"एक सांगू?" साहेब म्हणाले. "जाळरेषेमुळे वणवा लागला, हे एकदा बाहेर गेलं की लोक पुन्हा कधी रेषा जाळू देणार नाहीत. आधीच ओरडतात, खातं स्वतःच जंगल जाळतं म्हणून. दर उन्हाळ्याला सगळा डोंगर जाईल. म्हातारा तर परत येणार नव्हता. मी जंगलाचा विचार केला."

"आणि त्यासाठी एक माणूस तुरुंगात."

"सुटला असता पुढे. पुरावा कुठे होता?"

बाईला राग फारसा येत नसे. या वेळी आला, आणि तो तिने लपवला नाही. "रेषा जाळण्यात चूक नव्हती," ती म्हणाली. "खोड ठेवून जाळलीत ती चूक, आणि चूक कुणाच्याही हातून होते. पण पोत्यात पाचोळा भरताना तुम्हाला पक्कं ठाऊक होतं आपण काय करतोय. मागच्या अंगणात त्याची लेक मातीत हात घालून बसलेली आणि पुढच्या अंगणात तुम्ही झाडत होतात. फोन उचला, कोठडीत कळवा. तुम्ही स्वतः बोला. मी इथे बसते."

साहेबांनी फोन उचलला. खोडापासून पाचोळ्यापर्यंत सगळं स्वतः सांगितलं.

६

कोठडी म्हणजे पोलीस चौकीची मागची खोली. फोन झाला होता, दार उघडंच होतं, तरी मधवाला आत भिंतीला टेकून बसून होता. लेक उंबऱ्याबाहेर थांबली, हातात डबा घेऊन. आत यायला तिचं पाऊल उचलेना.

"तुम्ही सुटलात," बाईने त्याला सांगितलं. "मोठी आग जाळरेषेवरच्या खोडातून उठली. साहेबांनी कबूल केलंय."

त्याने मान हलवली. सुटलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो.

"आता बोलायला हरकत नाही," बाई म्हणाली. "कड्याखालची छोटी आग तुम्ही दोरावरून पाहिलीत. कुणी लावली तेही पाहिलंत. म्हणून दोर, डबा, सगळं टाकून ओढ्यातून खाली पळालात. आणि म्हणूनच इतके दिवस गप्प आहात."

मधवाल्याने दाराकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "तिच्यासमोर नको," तो म्हणाला.

"माझ्यासमोरच," उंबऱ्यावरून लेक म्हणाली.

मग तो जमिनीकडे बघत बोलला. "बाबांनी लावली. मी वर होतो, ते खाली वाटेवर काड्या ओढत चालले होते. सकाळी म्हणाले होते दोरासकट जाळीन. मला वाटलं, खरंच आले. मी उतरलो आणि पळालो. ते ओरडत होते मागून, काय ते कळलं नाही, आगीचा आवाज फार होता. नंतर कळलं ते गेले. मग हिला काय सांगणार होतो मी? तुझा बाप मला जाळायला आला होता, हे सांगू? त्यापेक्षा मी लावली म्हणाले तर म्हणू देत, असं ठरवलं."

लेकीने चौकट धरली. तिने आपला प्रश्न एवढे दिवस उरात वागवला होता. त्याची दुसरी बाजू इथे, या खोलीत, नवरा एकटा वागवत बसला होता.

बाईने आता तिला जमायचं तेच केलं. जे होतं ते सांगितलं. "तुम्हाला जाळायचं असतं तर त्यांनी वाटेच्या कड्याकडच्या अंगाला काडी लावली असती. वारा तिकडेच होता, आग क्षणात तुमच्यापर्यंत आली असती. त्यांनी लावली दुसऱ्या अंगाला, येणाऱ्या वणव्याच्या तोंडावर, आणि तुमच्या बाजूचं गवत फांदीने झोडपत गेले. वणवा पोचायच्या आत त्याच्या वाटेतलं गवत जाळून टाकायचं, म्हणजे तो तिथे उपाशी मरतो. हा जुना उपाय आहे. कड्याखाली आग पोचली नाही. पोळी अजून आहेत, मी बघून आले. खाली उतरून जळलेल्या पट्ट्यात या, असंच ते ओरडत असणार. तिथे तुम्ही दोघंही जगला असतात."

मधवाला तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तो प्रश्न विचारला जो बाईने डोंगरावर बाजूला ठेवला होता आणि उतरताना ज्याचं उत्तर तिला मिळालं होतं. "मग ते तिथे थांबले का नाहीत? त्यांना तर माहीत होतं."

बाईने पिशवीतले बूट काढले नाहीत. पट्ट्यातून बाहेर पडून म्हातारा ओढ्याच्या दिशेने गेला होता आणि डोकं उताराकडे करून पडला होता, हेही तिने सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला माहीत असलेलं उत्तर तिच्या तोंडातून निघेना.

उत्तर लेकीने दिलं. "तुम्ही आला नाहीत म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला शोधायला गेले."

मधवाला कपाळ गुडघ्यांवर टेकवून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसला. बाई खिडकीकडे वळली. तिच्या मते आता खोलीत तिचं काही काम उरलं नव्हतं, पण तिला निघताही येईना, कारण दारात लेक उभी होती.

लेकीने उंबरा ओलांडला. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि काही क्षण तिच्या चेहऱ्यावरून काहीच सांगता आलं नसतं, ती त्याला मारेल की काय असंही वाटलं. मग ती खाली बसली. तिने त्याचे हात डोक्यावरून ओढून काढले, एकेक करून, कारण तो सोडत नव्हता.

"माझ्या बापाने तुम्हाला शोधण्यापायी जीव घालवला," ती म्हणाली. "आता तुम्ही हरवायचं नाही. कळलं? माझ्याकडे बघा. हरवायचं नाही तुम्ही."

त्याने वर पाहिलं, आणि मग ती रडली, बाप गेल्यापासून पहिल्यांदा, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं आपटून आपटून.